नेम चुकला, असं मी म्हणालो

माझ्या बायकोला वाटतं, मी बंदूक सोडली ती कंबर धरायला लागली म्हणून. कारखान्यातल्या मित्रांना वाटतं, मला पोलिसांची धास्ती बसली. आणि मुलीला मी ती लहान असताना सांगितलं होतं, की मुकी जनावरं मारणं मला नकोसं झालं. तिनं ते शाळेच्या निबंधात लिहिलं. बाईंनी शाबासकी दिली. मी ती वही वाचली आणि मिटली. या तिघांनाही मी खरं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाच नीट सांगता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

सुरुवात बंदुकीपासून करतो. तिच्याबद्दल बोलणं मला सोपं जातं.

मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात टूलरूमला होतो. ग्राइंडिंग माझं काम. राहायला इंदिरानगरला. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक याच्या बोटाला कळतो, असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. आमच्या मालकांच्या घरात शिकारीचा जुना नाद. त्यांनी कधीतरी परदेशातून एक हवेची रायफल आणवली होती. जत्रेत फुगे फोडायची असते तसली नव्हे. नऊ मिलिमीटरची नळी, तिच्याखाली हवेची लांब टाकी, आणि ती हातपंपानं भरायची. वॉशर गेले, हवा गळायला लागली, तेव्हापासून ती ऑफिसातल्या कपाटामागे उभी होती. एक दिवस मालक मला म्हणाले, बघ, तुला जमतं का.

जमतं का? असं मला कुणी विचारलेलं सोसत नाही. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं, मी पस्तिशी ओलांडलेली, आणि स्वभाव असा.

परवान्याचं काय, असं तुम्ही विचाराल. नव्हता. रानडुक्कर मारायचीही परवानगी नव्हती. तो गुन्हा होताच. पण मी जे सांगायला बसलोय ते त्याहून वेगळं आहे.

दीड वर्ष मी त्या रायफलीवर घालवलं. हवेच्या बंदुकीचं एक दुखणं असतं. टाकी भरलेली असते तेव्हा गोळी जोरात जाते, मग प्रत्येक गोळीगणिक दाब उतरत जातो. दाब उतरला की गोळी खाली पडते. वीस पावलांवर ते कळतही नाही. ऐंशी पावलांवर वीतभर फरक पडतो. मी घोड्याची स्प्रिंग बदलली, हवा सोडणारी झडप पुन्हा घासून बसवली, नळीचं तोंड साफ केलं. शिशाच्या गोळ्या सोनाराकडच्या काट्यावर एकेक तोलून निवडल्या. रविवारी सकाळी पाथर्डी फाट्याच्या पुढे एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जायचो, पुठ्ठा लावायचो, पावलं मोजायचो, गोळ्या झाडायचो, वहीत लिहायचो. शेवटी अशी वेळ आली, की टाकी पूर्ण भरल्यावर पहिल्या चार गोळ्या ऐंशी पावलांवर आमटीच्या वाटीएवढ्या जागेत बसायला लागल्या. पाचवी मात्र ढळायची. सहावी तर विचारूच नका.

चार गोळ्या, मग पुन्हा पंप. हे माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी कधीही म्हणू शकणार नाही.

देवराम मला त्याच काळात भेटला. पेठकडच्या डोंगरातला. भात आणि नागलीचं पीक निघालं की तिकडची माणसं नाशिकला कामाला उतरतात. आमच्या कारखान्याच्या नव्या शेडचं काम निघालं होतं, तिथं तो आणि त्याची बायको यमुना मजुरीला होते. जेवणाच्या सुट्टीत मी रायफल उघडून बसलो, की तो टूलरूमच्या दारात येऊन उभा राहायचा. कधी हात लावायचा नाही. एकदा त्यानं विचारलं, यानं डुक्कर मरतं का. मग त्यानं सांगितलं — नाल्यातल्या जाळीतून, म्हणजे दाट झुडपांतून, कळप येतो, एकेका रात्रीत अर्धं वावर लोळवतो. डबे वाजवून झाले, जाळ करून झाला. पावसाळाभर चिखलात वाकून लावलेलं भात, आणि घरात येतं ते चार पोती कमीच. ऐन कापणीच्या आधी एखादं जनावर पडलं, तर बाकीची थोडे दिवस तरी फिरकणार नाहीत, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला सांगितलं, ऐंशी पावलांवरून जागच्या जागी पाडून दाखवतो.

ऐंशी पावलांवर मी तोवर पुठ्ठ्याखेरीज काहीही पाडलेलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतरच्या शनिवारी मी निघालो. रायफल गोणपाटात गुंडाळून स्कूटरला आडवी बांधली, पेठ नाक्यावरून बाहेर पडलो, घाट चढलो. दुपारी पोचलो. यमुनानं नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं वाढलं. ती कमी बोलणारी, पण कामाला वाऱ्यासारखी. देवराम अभिमानानं सांगायचा, की आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, हिच्या पुढं गावात कुणी जात नाही. बायका हिला मुद्दाम शेवटच्या ओळीला उभी करतात, नाही तर बाकीच्या मागं पडतात.

जेवण झाल्यावर मी अंगणात टाकी भरायला घेतली. हातपंपाचे ऐंशी-नव्वद दांडे मारावे लागायचे, शेवटचे वीस तर अख्खं वजन टाकून. माणूस घामाघूम होतो, धापा टाकतो. तोवर बघायला दहा-बारा माणसं जमलेली. देवरामचा चुलता ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "सायकलीत हवा भरून डुक्कर मरतंय व्हय?" सगळे हसले. यमुनाही पदर तोंडाला लावून हसली.

मला ते लागलं. काय लागायचं होतं त्यात? पण लागलं. मी म्हटलं, तो वाळका भोपळा ठेवा त्या खडकावर. लांब ठेवा, अजून लांब. पहिली गोळी आणि भोपळ्याला भोक. दुसरी. लोक पुढं सरकले. तिसरी मी उभ्यानं मारली, तीही लागली. चुलता उठून खडकापर्यंत चालत गेला, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाला, आणखी एक मारा. मारली.

चार झाल्या.

आता पंप मारायला हवा होता. पंप भिंतीला टेकवून ठेवलेला, माझ्यापासून पाच हातांवर. पण आता ती सगळी माणसं माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती — आणि त्यांच्यासमोर पुन्हा वाकून, धापा टाकत, सायकलवाल्यासारखं... नाही. मी दाबाच्या काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मारावा लागला असता. मी स्वतःला सांगितलं, एका गोळीपुरती हवा असेल की.

सूर्य कलल्यावर देवराम आणि मी वावराच्या वरच्या बांधाला एका शिळेआड जाऊन बसलो. जाळीच्या तोंडापर्यंतची पावलं मी दुपारीच मोजून ठेवली होती. उजेड असतानाच ती बाहेर आली, दोन माद्या, पिलं, आणि मागून थोडा बाजूला एक मोठा नर. मी रायफलीवरच्या दुर्बिणीत त्याचा पुढचा खांदा धरला. श्वास रोखला. चाप ओढला.

गोळी मातीत गेली तर एक आवाज येतो, आणि अंगात गेली तर दुसरा. दुसराच आला. त्याच्या पाठीला बाक आला, मागचे पाय क्षणभर आत ओढले गेले. दुर्बिणीतून मी बघितलं, गोळी खांद्याच्या खूप खाली, मागं, पोटात शिरली होती. ते ओरडलं नाही. बाकीचा कळप भात तुडवत पळाला, आणि त्या गोंधळात तेही जाळीत शिरलं. देवरामकडे दुर्बीण नव्हती. त्याला फक्त पळणारी जनावरं दिसली.

त्यानं विचारलं, "लागला का, भाऊ?"

जखमी डुक्कर सोडून यायचं नसतं. हे मालकांनी मला रायफल हातात देतानाच सांगितलं होतं. डोंगरातल्या लहान पोरालाही ते माहीत असतं. लागला म्हटलं असतं, तर उठून त्या जाळीत शिरावं लागलं असतं, कमी होत चाललेल्या उजेडात, हवा संपलेली रायफल घेऊन. देवराम कुऱ्हाड घेऊन माझ्या पुढं चालला असता. मला त्या जाळीची भीती वाटली. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मला गेल्या इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

मी म्हटलं, "नाही रे. नेम चुकला. वरून गेली."

बढाई मारणारा माणूस आपला नेम चुकला असं कसं म्हणेल? त्यामुळेच तर त्यानं विश्वास ठेवला. उलट माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, होतं असं. आवाजानं बिचकलीत, आता दोन दिवस नाय यायची. घरी गेल्यावर त्यानं सगळ्यांना तेच सांगितलं, भाऊंचा नेम थोडक्यात हुकला, पण जनावरं पळाली. चुलत्यानंही चिडवलं नाही. मला त्यांनी घरातली चांगली गोधडी दिली. आणि मला झोप लागली. हेही सांगायलाच हवं. मला चांगली झोप लागली.

सकाळी मी अंगणात कोरा चहा पीत होतो. यमुनानं कोपऱ्यातला विळा उचलला, डोक्याला फडकं बांधलं. बैलांना गवत आणायला नाल्याकडं निघाली होती. रोज जायची. जाताना तिनं मला विचारलं, अजून चहा हवाय का. मी नको म्हटलं. ती बांधावरून खाली उतरेपर्यंत मला दिसत होती. तिच्यापुढं ती जाळी होती, आणि जाळीत काय आहे ते त्या गावात एकट्या मला माहीत होतं.

थांबा, एवढं म्हणायचं होतं. कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं. नाल्याकडं नको जाऊस, म्हटलं असतं तर ती गेली नसती. पाहुण्याचा शब्द तिनं मोडला नसता. माझ्या ओठांवर आलं होतं का? आलं होतं, असं म्हणायला मला आवडेल. पण खरं तर मी कप तोंडाला लावला आणि विचार केला, की ते रात्रीतच कुठं तरी लांब गेलं असेल.

ते लांब गेलं नव्हतं. पोटात गोळी घेऊन कुठं जाणार? ते जाळीच्या तोंडाशीच पडून होतं. ती गवताला वाकली, आणि ते उठलं.

तिचा आवाज ऐकून देवराम आणि त्याचा चुलतभाऊ धावले. चुलतभावानं कुऱ्हाड फेकली, ती डुकराच्या पाठीत बसली, तेव्हा ते तिला सोडून आत गेलं. मी पोचलो तेव्हा यमुना उताणी पडली होती, उजवी मांडी गुडघ्यापर्यंत फाटलेली. ती रडत नव्हती. आकाशाकडे बघत होती.

पुढचं सगळं मी चोख केलं. अंगातला सदरा फाडून तिची मांडी करकचून बांधली. स्कूटर मारत रस्त्यावर गेलो, काळीपिवळी जीप अडवून आणली. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांशी मीच बोललो, रक्त दिलं, तीन दिवस कारखान्यात गेलो नाही. घरून डबा आणायचो. देवराम माझा हात धरून बसायचा. म्हणायचा, भाऊ, तुम्ही नसता तर ती गेलीच होती. मी म्हणायचो, असं बोलू नकोस. त्याला वाटायचं, हा मोठेपणा आहे.

चौथ्या दिवशी गावाकडून निरोप आला, की डुक्कर नाल्यात मरून पडलेलं सापडलं. कोल्ह्यांनी पोट खाऊन टाकलं होतं. सगळ्यांनी धरलं, की ते कुऱ्हाडीनं मेलं. यमुना पलीकडं तापानं फणफणत होती, आणि मला — मला हायसं वाटलं. पोट खाल्लं म्हणजे भोकही गेलं. मी दवाखान्याबाहेर जाऊन भजी खाल्ली. चार दिवसांत पहिल्यांदा नीट भूक लागली होती.

मग दोष कुणावर गेला, माहीत आहे? तिच्यावरच. सासू म्हणाली, एकटी कशाला गेली तडफडायला. बायका म्हणाल्या, हिला सगळ्यांच्या आधी पळायची खोडच. देवराम स्वतःला दोष देत राहिला, की मी का गेलो नाही गवताला. जो तो आपापला वाटा उचलून घेत होता. मी तिथंच बसलो होतो.

जखम चिघळली. दोन महिने ती दवाखान्यात होती. मांडी भरून आली, पण गुडघा वाकायचा तो बंद झाला. भाताच्या चिखलात पाय वाकवल्याशिवाय आवण होत नाही. नाशिककडच्या द्राक्षबागेत मजुरीला जावं, तर तिथंही दिवसभर उठबस लागते. पुढच्या पावसाळ्यात गावातल्या सगळ्या बायका वावरात, आणि ती ओट्यावर पाय लांब करून कुणाकुणाची पोरं सांभाळत बसलेली. देवराम एकटाच नाशिकला उतरायला लागला.

रायफल मी मालकांना परत केली. म्हटलं, कंबर धरते.

देवरामकडं मी वर्षातून एकदा जायचो. जायला नको वाटायचं, आणि न जाणं त्याहून नको वाटायचं. सहा-सात वर्षांनी एकदा असाच गेलो, तर देवराम बाजाराला गेलेला. यमुना अंगणात सुपात नागली पाखडत होती, उजवा पाय काठीसारखा समोर. मला पाणी दिलं. मग हातातलं काम न थांबवता, सुपाकडं बघतच म्हणाली,

"भाऊ, त्या डुकराच्या पोटाला आधीचंच रगत व्हतं. वाळलेलं. माशा बसल्या व्हत्या. मी लय जवळून पाह्यलं."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"कुनालाच नाय सांगितलं मी. ह्यांनाबी नाय."

सूप थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग होता का? नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती वाट बघत होती. सहा-सात वर्षं तिनं वाट बघितली होती, आणि आता घरात तिसरं कुणी नव्हतं. तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मला फक्त एक 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "कुठं तरी तारेत अडकलं असेल."

त्या गावाच्या चहूबाजूला दोन-दोन कोसांत कुठंही तारेचं कुंपण नव्हतं. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"आसंल," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "चहा ठेवते." काठीचा आधार घेत, पाय ओढत ती आत गेली. मी चहा पिऊन निघालो. त्यानंतर ती होती तोवर मी गेलो नाही. देवरामचा दिवाळीला फोन यायचा, कुणाबरोबर तरी नव्या नागलीचं पीठ यायचं. मी कामाची सबब सांगायचो. बायको त्या पिठाच्या भाकरी करायची, मी खायचो.

दोन वर्षांनी यमुना गेली. तापाचं निमित्त झालं. दहाव्याला मी गेलो. माणसं गोलाकार बसली होती, एकेक जण तिच्याबद्दल काही ना काही सांगत होता. देवराम मला बघून उठला, हाताला धरून त्यानं मला मधे नेलं, आणि तिच्या माहेरच्या लोकांना सांगितलं, "हेच ते भाऊ. ह्यांच्यामुळं तिला पुढची वर्षं मिळाली." तिचा म्हातारा बाप पुढं आला. माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

मी त्याला उचललं. छातीशी धरलं.

गोळी लागली होती. मी ती लागताना बघितली होती. यमुनाला ते कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. देवरामला अजून माहीत नाही.